चिंध्या बांधलेल्या पेट्या

घर विकायचं असेल तर त्यात कुणी राहत होतं असं दिसता कामा नये, हे मला एका दलालाने शिकवलं. सिल्वासाला, टोकरखाड्यातल्या आमच्या घराच्या ओट्यावर बसून, आमच्याच आईच्या हातचा चहा पीत तो म्हणाला, "बेन, सामान बहु छे. पार्टी आत आली का तिला मोकळी रूम दिसली पाहिजे. मोकळी दिसली का लगेच हा बोलते." बशीत सांडलेला चहासुद्धा त्याने पिऊन टाकला आणि निघून गेला. मला तेव्हाच त्याचा राग आला होता. पण माझा भाऊ प्रत्येक वाक्याला मान डोलावत होता, त्यामुळे माझ्या रागाला कोण विचारतो.

नव्वदीच्या दशकाची मधली वर्षं होती. वडील जाऊन दोन वर्षं झाली होती. ते मराठी शाळेत शिक्षक, कोकणातून नोकरीसाठी इकडे आलेले. ऐंशीच्या सुमारास त्यांनी कॉलनीत हे घर बांधलं तेव्हा मागे नुसतं गवत होतं. पुढे आसपास कंपन्या आल्या, रस्ते झाले आणि घराला भाव आला. दादा आणि वहिनी ठाण्याला राहत. मी बोईसरला शाळेत शिकवत होते आणि मे महिन्याच्या सुट्टीत आले होते. घर विकायचं आणि आईला ठाण्याला न्यायचं असं ठरलं आहे, असं सगळे म्हणत होते. आईने ठरवलं आहे असं मात्र कुणीच म्हणत नव्हतं.

ठाण्याच्या दोन खोल्यांत काय काय मावेल याची यादी दादा वर्तमानपत्राच्या कडेला लिहूनच घेऊन आला होता. त्यात आईचा पाटा-वरवंटा नव्हता, बंब नव्हता, वडिलांच्या पुस्तकांचं कपाटही नव्हतं. कपाट राहू दे, निदान पुस्तकं तरी, असं मी म्हणाले, तर वहिनी म्हणाल्या, "अहो वन्सं, वाळवी लागते." त्या पुस्तकांना सोळा वर्षांत वाळवी लागली नव्हती. ती बहुतेक ठाण्यात टपून बसली असावी. मुलांनी वडिलांना दिलेले कागदी फुलांचे गुच्छ, नकाशाच्या गुंडाळ्या, खडूंचा अर्धा डबा, एक पाय मोडलेलं स्टूल, सगळं दोन दिवसांत ओट्यावर आलं आणि शेजारच्या आमलीहून आलेल्या भंगारवाल्याच्या लारीवर, म्हणजे हातगाडीवर, चढलं. आई दारात उभी राहून बघत होती. कशालाही नको म्हणाली नाही. मला वाटायचं, हिने एकदा तरी भांडावं. मी भांडायचे ते तिच्या वतीनेच, आणि तीच मला म्हणायची, "जाऊ दे गं. वस्तू आहेत."

मग तिसऱ्या दिवशी दादाने मागची खोली उघडली, आणि आई पहिल्यांदा आत येऊन उभी राहिली.

त्या खोलीत पाच पत्र्याच्या पेट्या होत्या. आमच्या नव्हत्या. आमलीत आणि डोकमर्डीत भाड्याच्या खोल्यांतून धुळे-जळगावकडची माणसं राहत, धाग्याच्या नाहीतर प्लास्टिकच्या कंपनीत कामाला. एका खोलीत दहा-बारा जण. दिवसपाळीवाले कामावर गेले की त्यांच्याच सतरंजीवर रातपाळीवाले झोपायचे. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सणाला ही माणसं गावी जात ती पेरणी आटपूनच परत येत, आणि तोवर खोलीतली जागा दुसऱ्याने धरलेली असे. पेटी ठेवायची कुठे? घर बांधल्यावर दोन-तीन वर्षांनी त्यांच्यातला एक जण वडिलांकडे अर्ज लिहून घ्यायला आला होता. जाताना त्याने आईला विचारलं, "माय, मही पेटी ठेवू का तुमच्याकडे? आखाजीहून आलो का नेतो." आई हो म्हणाली. दुसऱ्या वर्षी तीन पेट्या आल्या, एका वर्षी तर अकरा होत्या.

आईचे नियम होते. पेटीत धान्य ठेवायचं नाही, उंदीर लागतात. कुलूप तुमचं, किल्ली तुमच्यापाशी. आत काय आहे ते मी विचारणार नाही, तुम्ही सांगू नका. तिने कधी नावही लिहून घेतलं नाही. पेट्या मात्र सगळ्या आमलीतल्या एकाच दुकानातून घेतलेल्या, त्याच हिरव्या रंगाच्या. म्हणून प्रत्येकाने आपल्या जुन्या कपड्याची एक चिंधी फाडून पेटीच्या कडीला बांधायची. कुणाची लुंगीची, चौकड्याची, कुणाची बायकोच्या लुगड्याच्या काठाची. आई चिंधी बघून माणूस ओळखायची आणि माणूस बघून चिंधी. गावाहून येताना ते तिच्यासाठी बिबड्या, म्हणजे ज्वारीचे पापड, आणत, कधी भरताची वांगी. बारा-तेरा वर्षं हे चाललं होतं आणि एकदाही घोटाळा झाला नव्हता.

"या कुणाच्या?" दादाने विचारलं.

"ज्यांच्या आहेत ते नेतील."

"कधी?"

"पेरण्या झाल्या की."

"आई, पार्टी येत्या रविवारी बघायला येणार आहे."

आई म्हणाली, "येऊ दे की. पेट्या ज्याच्या त्याला गेल्या की मी सही करीन. त्याच्या आधी नाही." घर वडिलांच्या मागे तिच्या नावावर झालं होतं. तेवढं एक वाक्य बोलून ती स्वयंपाकघरात निघून गेली. इतकं बरं वाटलं मला, की मी त्या दिवशी दादाशी नीट बोलले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई पेन्शनच्या कामाला बँकेत गेली. वहिनींनी कंबर कसली. पेट्या राहायच्याच असतील तर निदान नीटनेटक्या दिसू देत, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी पाचही पेट्या ओल्या फडक्याने पुसल्या, भिंतीला एका रांगेत लावल्या आणि कडीला लोंबणाऱ्या त्या मळक्या चिंध्या कात्रीने कापून टाकल्या. मी त्या वेळी कुठे होते? मी तिथेच होते, झाडू घेऊन. त्या चिंध्या केरात गोळा करून बंबात मी घातल्या. आईची मुलगी मी, या घरात वाढलेली, पेट्यांशेजारी बसून अभ्यास केलेली, आणि माझ्या हातून त्या जाळात गेल्या. डोक्यात पुस्तकांचं भांडण चालू होतं, हात आपले काम करत होते. दादा-वहिनींवर मी इतकी वर्षं तोंडसुख घेतलं आहे, तर हेही सांगायलाच हवं.

चिंध्या जळून गेल्यावर माझ्या लक्षात आलं. मी ओरडले. वहिनी रडवेल्या झाल्या, "मला काय माहीत हो, मला वाटलं घाण आहे." खरंच माहीत नव्हतं त्यांना. बिचाऱ्या बारा वर्षांत या घरात मिळून बारा दिवस राहिल्या नसतील.

आणि दादाला इथे युक्ती सुचली. तो म्हणाला, चिंध्या होत्या तरी या लोकांना निरोप कसा धाडणार होतीस? पत्ता आहे का? एक पेटी उघडू. आत एखादं पत्र असणारच. त्यावर गाव असेल, कार्ड टाकू, तो येईल, तोच बाकीच्यांची ओळख पटवील. मी म्हणाले, किल्ली लागेल त्याची पेटी, थांबलास तर सगळं आपोआप होईल. "थांबायला वेळ कुणाला आहे?" असं म्हणत त्याने वरवंटा उचलला. पाटा-वरवंटा टाकायच्या ढिगात होता, तो असा कामाला आला. तीन ठोक्यांत कुलूप तुटलं.

मी त्याचा हात धरला नाही. उलट वाकून पाहिलं.

वर वर्तमानपत्र होतं. त्याखाली दुकानाची घडी न मोडलेलं एक लुगडं. कागदात गुंडाळलेल्या लहान मापाच्या बांगड्या. गॉगल लावून स्टुडिओत काढलेला त्या माणसाचा फोटो, मागे रंगवलेला बंगला. कंपनीतले जुने हातमोजे, धुऊन घडी केलेले. आणि दोऱ्याने बांधलेली पोस्टकार्डं. दादाने वरचं कार्ड काढलं, उलटसुलट केलं आणि चार ओळी वाचल्याही. एखादा निकाल लागल्यासारखा तो म्हणाला, "हे बघ. नाव, गाव, तालुका, सगळं आहे." मला त्या लुगड्याचा रंग आजही आठवतो. तो मला आठवायला नको होता.

आई आली. तुटलेलं कुलूप तिने हातात घेतलं. वहिनींनी चिंध्यांचं सांगितलं, मी बंबाचं सांगितलं, दादाने कार्डाचं. ती दादाला एवढंच म्हणाली, "मी इतक्या वर्षांत त्यांच्या पेटीवर कधी हातही टेकवला नाही रे." दादा म्हणाला, "आपण काही घेतलं का त्यातलं? उलट त्यांचंच काम सोपं केलं."   एका शहाण्यासुरत्या, बँकेत काम करणाऱ्या माणसाला चोरी आणि अपमान यातला फरक कळत नसेल तर तो कुणी समजावायचा?

घर विकतोय, आई ठाण्याला येतेय, पेट्या घेऊन जा, असं दादाने कार्ड टाकलं. रविवारी पार्टी आली, खोल्या मोकळ्या आहेत म्हणून खूश झाली आणि पाच पेट्यांकडे बघून म्हणाली, "ए तो निकळी जशे ने?" दादा म्हणाला, जाणार, जाणार.

आठवड्याभराने तो माणूस आला. पेरणीपूर्वीची कामं टाकून, रात्रभर प्रवास करून आलेला. दिवस चांगला वर आला होता. आम्हा सगळ्यांना त्याने नमस्कार केला. आईने त्याला आधी पाणी दिलं, मग म्हणाली, "तुझी पेटी माझ्या मुलाने फोडली. कुलूप मोडलंय. तू इथंच उघड आणि सगळं आहे का बघून घे."

तो मागच्या खोलीत गेला. पेट्या बघून म्हणाला, "माय, चिंध्या कुठं गेल्या?"

"जळाल्या," आई म्हणाली. तिने माझं नाव घेतलं नाही.

त्याने प्रत्येक पेटीचे पोचे, गंजाचे डाग बघितले आणि ही कुणाची, ती कुणाची ते भराभर सांगितलं. मग आपल्या पेटीपाशी थांबला. कडी नुसतीच लटकत होती.

"उघड," आई म्हणाली.

"काबरं उघडू माय? तुमच्या घरात होती ना."

"तरी बघ. माझ्यासाठी बघ."

"जाऊ द्या ना. तुम्ही सांगितलं, झालं." मग खाली बघत म्हणाला, "कार्ड आलं ना, तर घरची घाबरून गेली. गावाचा पत्ता कसा भेटला, म्हणे. मी तर कुनाला सांगेल नव्हता."

दादा खिडकीतून बाहेर बघत राहिला. मला वाटत होतं या माणसाने ओरडावं. पेटी उघडून एकेक वस्तू आमच्यासमोर मांडावी, दादाला जाब विचारावा, मलाही विचारावा. त्याचा तो हक्क होता. पण तो दादाला साहेब म्हणत होता. इतकी चीड मला त्या दिवसांत दलालाचीही आली नव्हती.

बाकीच्या चारही पेट्या आपणच नेतो, आमलीत गाववाल्याच्या खोलीवर ठेवतो, असं तो म्हणाला. कोपऱ्यावरून लारी भाड्याने आणली. मी आणि त्याने मिळून पेट्या चढवल्या. आईने त्याला जेवून जायला सांगितलं. तो म्हणाला, "पुढच्या टायमाला, माय." मग आठवून थांबला आणि म्हणाला, "तिकडे ठाण्याला तब्येत सांभाळा." तिच्या पाया पडला आणि लारी ढकलत निघाला.

आई आणि मी फाटकाशी उभ्या होतो. कॉलनीच्या टोकाला विजेचा खांब आहे, तिथून रस्ता वळतो. खांबापाशी त्याने लारी थांबवली, चाकाला दगड लावला. घाम पुसत असेल असं मला वाटलं. त्याने आपली पेटी लारीवरून खाली घेतली, आमच्याकडे पाठ करून उकिडवा बसला आणि ती उघडली. वर्तमानपत्र बाजूला ठेवलं. लुगडं बाहेर काढून मांडीवर घेतलं. तळापर्यंत हात घातला. कार्डांचा दोरा सोडून एकेक कार्ड पुढे-मागे केलं. सगळं पुन्हा जागच्या जागी ठेवायला त्याला बराच वेळ लागला. मग त्याने डोक्याचा रुमाल सोडला, कडीत ओवून गाठ मारली आणि पेटी वर चढवली. वळताना त्याने मागे पाहिलं नाही.

"सगळं असेल ना गं?" आईने मला विचारलं. तिने ते मला विचारावं याचीच मला लाज वाटली. मी म्हणाले, "आहे सगळं."

आत येऊन तिने पाय धुतले, खुर्चीत बसली आणि दादाला म्हणाली, "आण ते कागद."

पेट्या गेल्या आणि आईचा हट्ट सुटला, असंच दादाला वाटलं. तो खुशीत होता, पेनचं टोपण काढून त्याने पेन तिच्या हातात दिलं. सही करायच्या जागी बोट ठेवलं. आईने चष्मा लावला, आणि मग पेन तसंच धरून तिने त्याला विचारलं, "ठाण्याला मला जे कपाट देणार आहात, त्याला कुलूप आहे का?"

"आहे की," दादा म्हणाला. "का?"

"किल्ली माझ्यापाशी राहील," असं म्हणून तिने सही केली.