नऊशे ब्याण्णवावा दिवस

“माप माहीत नसेल तर ओतू नये,” असं आमची आक्का उठता-बसता म्हणायची. चहा ओतताना म्हणायची, पोरांना रागावताना म्हणायची आणि कोणी फार बोलू लागलं की त्याच्या तोंडावरही म्हणायची.

आक्का माझी मावसबहीण. शहराला पाणी पुरवणाऱ्या केंद्रात ती कॉम्प्युटर सांभाळायची, मी तिथेच व्हॉल्व्हमन. लागली होती कारकून म्हणून. कॉम्प्युटर आला तेव्हा बाकीचे हात लावायला बिचकले. हिने पुस्तकं आणली आणि खोल विहिरीतून पाणी शेंदावं तशी एकेक घागर विद्या वर काढली. नवरा शिंपी. त्याच्या शिलाई मशीनच्या खडखडाटात ती वाचत बसायची.

पंप कधी सुरू करायचा, कोणती टाकी भरायची, पाण्यात क्लोरीन किती सोडायचा, हे सगळं तो कॉम्प्युटर ठरवायचा. त्याच्या खोलीत भिंतीवर एक फळा होता आणि त्यावर ‘न थांबता चाललेले दिवस’ असं लिहिलेलं. आकडा रोज सकाळी साहेब स्वतः पुसून नवा लिहायचे. असे फळे सगळ्याच केंद्रांवर होते आणि त्यांच्यात चुरस होती. पलीकडच्या केंद्राचं यंत्र सातशेवर बंद पडलं, त्या दिवशी आमचे साहेब संध्याकाळपर्यंत शीळ घालत होते. हजार दिवस भरले की वरचे अधिकारी येऊन शाबासकी देणार होते.

नऊशे चौऱ्याहत्तराव्या दिवशी यंत्र बनवणाऱ्यांकडून सूचना आली. ज्या ऑपरेटिंग सिस्टीमवर आमचं यंत्र चालायचं, तिच्या गाभ्यातच खोट सापडली होती. आक्काने मला ती कागदावर दोन चौकोन काढून सांगितली. बाहेरून येणारा निरोप ठेवायला मेमरीत एक ठरावीक जागा असते. निरोप त्या जागेत मावतो का, हे हा गाभा बघतच नव्हता. लांबलचक निरोप आला की उरलेला मजकूर शेजारच्या जागेत सांडायचा, आणि शेजारी लिहिलेलं असायचं, कोणाचा हुकूम मानायचा ते. मुद्दाम मापून सांडलं तर कोणीही उपटसुंभ यंत्राचा मालक होऊन बसेल. दुरुस्तीही सोबत आली होती. पण ती बसवायची तर यंत्र एकदा बंद करून चालू करावं लागणार होतं.

“वीस मिनिटं लागतील, साहेब.”

“सव्वीस दिवस थांबा, आक्का. तेवढ्यात काय आभाळ कोसळतंय?”

“आभाळ नाही, क्लोरीन. बाहेरचा माणूस घरबसल्या चौपट सोडेल.”

“आपल्या पाण्यावर कोणाचा डोळा असणार? चोर आलाच तर त्याला ग्लासभर पाणी पाजून परत पाठवू.”

सगळे हसले. आक्का हसली नाही. दुसऱ्या दिवशी तिने घरचा जुना कॉम्प्युटर आणून साहेबांच्या टेबलावर मांडला. त्यात तीच सिस्टीम होती. दुसऱ्या यंत्रावरून एक लांब निरोप धाडला आणि दोन श्वासांत तो डबा पासवर्ड न विचारता तिचं ऐकू लागला.

साहेबांनी खुर्ची मागे सरकवली. मग हळूच म्हणाले, “खरं सांगू? हे यंत्र पावणेतीन वर्षं बंद झालेलं नाही. बंद केलं आणि उठलंच नाही तर? मी तोंड कुठे लपवू?”

“मग तेही आजच बघू. आज टाक्या भरलेल्या आहेत, माणसं उभी आहेत. आपणहून पडेल तेव्हा असं नसेल.”

“अर्ज द्या.”

तिने तीन अर्ज दिले. पहिल्यावर शेरा आला, ‘योग्य वेळी विचार व्हावा.’ दुसऱ्यावर काहीच आलं नाही. तिसरा कपाखाली सापडला, गोल डागासकट. मग तिने यंत्राला इंटरनेटशी जोडणारी केबलच उपटली. साहेबांना मोबाइलवर टाक्यांची पातळी दिसेना. अर्ध्या तासात त्यांनी स्वतः केबल लावली आणि वर चिठ्ठी डकवली, ‘हात लावू नये.’

घरी शिंपी म्हणाला, “तुझ्या साहेबाच्या तोंडाचं माप आण, फुकटात शिवून देतो.”

“तोंडाचं नको,” आक्का म्हणाली, “कान उसवता येतात का बघ.” तेव्हाही ती हसली नाही. मला म्हणाली, “अरे, दगडावर डोकं आपटलं तर निदान आवाज तरी होतो.”

नऊशे ब्याण्णवाव्या दिवशी साहेब मुख्य कचेरीत बैठकीला गेले. भर दुपार, टाक्या काठोकाठ. आक्का माझ्याकडे आली.

“व्हॉल्व्हवर उभा राहशील?”

“साहेबांना विचारलंस?”

“अठरा दिवस विचारतेय.”

“नोकरी जाईल, आक्का.”

“गेली तर माझी. तुझं नाव मी कुठे लिहिलेलं नाही.”

तिने रजिस्टरमध्ये वेळ लिहिली, कारण लिहिलं, खाली सही केली. मग यंत्र बंद केलं.

वीस मिनिटं म्हणाली होती, लागली त्रेचाळीस. यंत्र पावणेतीन वर्षांचं साठलेलं तपासत बसलं होतं. मी चाक धरून उभा, आणि काचेपलीकडे आक्का चष्मा काढायची, पुसायची, लावायची, पुन्हा काढायची. शेवटी पडद्यावर अक्षरं उमटली, पंपांनी हुंकार दिला. तिने तोच लांब निरोप या यंत्राला धाडून पाहिला. यंत्राने तो लांबी बघून नाकारला. मग तिने फळा पुसला आणि शून्य काढलं.

साहेब चारला आले. ओरडले नाहीत. फळ्याकडे बघत म्हणाले, “माझी पावणेतीन वर्षं पुसलीत तुम्ही.”

“दार उघडं होतं, साहेब. लावलं.”

“उघडं होतं तेव्हा तरी कोण आलं होतं?”

कोणी घुसलं असतं तर ती खरी ठरली असती. कोणी घुसलं नाही, म्हणून ती आगाऊ ठरली. राबून राबून हाती लागलं ते एवढंच, की काही घडलं नाही. आणि न घडलेलं कोणाला दाखवणार?

तिसऱ्या दिवशी हुकूम आला. आक्काची बदली शहराच्या दुसऱ्या टोकाला, जुन्या मीटरच्या गोदामात. तिथे कॉम्प्युटर नव्हता. तिने किल्ल्या टेबलावर ठेवल्या.

“दर महिन्याला सूचना येतात. वाचत जा.”

“बघू,” साहेब म्हणाले.

“बघू नका, वाचा.”

एवढं बोलून ती निघाली. गाळणीच्या हौदांच्या कडेने, वाटेतला मोठा पाइप ओलांडून, तिच्या नेहमीच्या चालीने. मी व्हॉल्व्हच्या चौथऱ्यावरून बघत होतो. साहेब खिडकीत उभे होते. ती फाटकाबाहेर वळेपर्यंत तेही तिथून हलले नाहीत.