स्टॉप म्हणायची परीक्षा

इनडोअर रेंजवर मॅच संपली की रिकामी काडतुसं झाडून गोळा करावी लागतात. किस्से मात्र कुणी झाडत नाही, ते साचत जातात. नेदरलँड्समध्ये, आइंडहोवनजवळच्या एका क्लबात मी बंदुकीच्या मॅचेस भरवायला मदत करते, हे ऐकून मराठी मंडळातल्या बायका अजून माझ्याकडे बघत राहतात. खरं सांगायचं तर मीही अजून सावरलेली नाही.

गेले ती आमच्या ह्यांच्यामुळे. मल्टी-गन मॅच म्हणजे एकाच फेरीत रायफल, शॉटगन आणि पिस्तूल, तेही धावत, घड्याळ लावून. वाटलं, इथली माणसं आडदांड असणार. पहिल्या दिवशी मी बेसनाचे लाडू नेले. एका धिप्पाड गृहस्थाने हात पुढे केला, तर कॉफी देणाऱ्या आन्सने चापटच मारली. "आधी हात धू. बोटांना शिसं लागलंय." मग सगळे बंदूकवाले बेसिनपुढे रांगेत, बालवाडीतल्यासारखे!

*

परतताना मी म्हटलं, "अहो, सुपरमार्केटपाशी जरा थांबा, कोथिंबीर संपली आहे."

ह्यांनी गाडी हळूसुद्धा केली नाही. "डिकीत शॉटगन आहे. वाटेत कुठेही थांबायचं नाही."

"कोथिंबिरीसाठीसुद्धा?"

"पोलिसांना तू सांग मग."

मॅचच्या दिवशी आमची आमटी कोथिंबिरीशिवाय होते.

*

मॅच चालवतो विम. सत्तरी ओलांडलेला, आन्सचा नवरा. एकदा म्हणाला, "तुझी नजर चांगली आहे. रेंज ऑफिसर हो." म्हणजे खेळणाऱ्याच्या मागे टायमर घेऊन राहायचं आणि धोका दिसला की "स्टॉप" ओरडायचं. मी ओरडून दाखवलं.

विम म्हणाला, "हे तू मला चहा घेणार का विचारतेयस."

डच माणसं तोंडावर बोलतात हे माहीत होतं, तरी माझे गाल तापले. घरी सायकलच्या शेडमध्ये सराव सुरू केला. थोड्याच वेळात शेजारीणबाई धावत आल्या. आत मी आणि सायकल.

"कुणाला थांबवताय?"

"कुणालाच नाही."

त्यांनी सायकलकडे नीट पाहिलं. "ती उभीच आहे," म्हणाल्या आणि गेल्या.

*

आन्सही खेळते. एका मॅचला वळताना तिच्या पिस्तुलाचं तोंड भलतीकडे गेलं. विमने तिथल्या तिथे तिला बाद केलं. बायकोला, सगळ्यांसमोर! तिने पिस्तूल रिकामं करून बॅगेत ठेवलं आणि त्याला नेहमीसारखी कॉफी नेऊन दिली.

मी विचारलं, "राग नाही आला?"

"त्याने बघून सोडलं असतं तर आला असता."

*

मग माझ्या परीक्षेची मॅच आली. ती नीट पार पडली तर रेंज ऑफिसर, नाहीतर पुन्हा कॉफीचं टेबल. शेवटी खेळणार आमचे हे. नियम असा की एक बंदूक झाली की तिची सेफ्टी लावायची, तोंड खाली करून ती ड्रममध्ये ठेवायची आणि मगच पुढची घ्यायची; चुकलं की बाद. ह्यांनी शॉटगन ड्रममध्ये टाकली, पिस्तूल काढलं आणि नेमासाठी उभी केलेली एकेक लोखंडी पाटी पाडत सुटले. इतके चांगले ते कधीच खेळले नव्हते. मागून शिट्ट्या. विमची नजरही पाट्यांवर.

मी ड्रमकडे पाहिलं. शॉटगनची सेफ्टी लावलेली नव्हती.

"स्टॉप!"

तो आवाज माझा आहे हे मलाच खरं वाटेना. शिट्ट्या बंद झाल्या. दोन पाट्या पाडायच्या राहिल्या होत्या. ह्यांनी पिस्तूल रिकामं केलं, खाली ठेवलं, माझी नजर कुठे आहे ते पाहिलं आणि ओठ फारसे न हलवता मराठीत म्हणाले, "अगं, कुणी पाहिलेलं नाही. चुकून ओरडले, असं म्हण."

विम जवळ आला. "काय म्हणाला तो?"

मी डचमध्ये सांगितलं. एकही शब्द न गाळता.