पाहुणे: शून्य

फ्रीसलँड प्रांतातल्या एका कालव्यावरचा पूल ऊबेलेने छत्तीस वर्षं होड्यांसाठी उघडला आणि मिटला. मग पुलावर कॅमेरे बसले, दूरच्या कुठल्याशा कचेरीत बसून कुणी बटण दाबायला लागलं आणि ऊबेले घरी बसला. दोन वर्षांनी बायको येल्त्ये गेली. आता शेजारी बसायलाही कुणी उरलं नाही.

शेवटच्या उन्हाळ्यात येल्त्ये खिडकीपाशी खाटेवर पडून असायची. रोज सकाळी फोनमध्ये दोन वाक्यं बोलून ठेवायची. आज कुठली होडी गेली, बदकिणीची पिल्लं किती, नवऱ्याने कॉफी कशी पाणचट केली. अशी एक्केचाळीस बोलणी. ती होती जुन्या कॉम्प्युटरात, आणि तो हल्ली जात्यासारखा घरघरायचा. तो बंद पडला की येल्त्ये दुसऱ्यांदा जाणार, एवढं ऊबेलेला पक्कं कळत होतं.

दूर मास्ट्रिख्टला राहणाऱ्या मुलीला, हिस्केला, त्याने यातलं काही सांगितलं नव्हतं. वाटून घेतलं की उरतं अर्धंच, अशी त्याची समजूत. केकच्या बाबतीत ती खरीही आहे म्हणा.

दर मंगळवारी गावच्या वाचनालयात म्हाताऱ्यांना कॉम्प्युटर शिकवतात. तिथे तीन मंगळवार घालवून त्याने दोन डिस्कांचा एक डबा घरी आणला. एक डिस्क मेली तरी दुसरीवर सगळं शाबूत राहतं. डबा घरच्या वायफायला जोडला आणि येल्त्येची सगळी बोलणी त्यात उतरवली. शिकवणारी बाई म्हणाली होती, पाहुण्यांसाठी वायफायचं वेगळं दार ठेवा, म्हणजे त्यांना इंटरनेट मिळेल पण डब्यात डोकावता येणार नाही. पुलावरच्या माणसाला हे लगेच पटलं. कुणाला सोडायचं, कुणाला थांबवायचं, जन्मभर दुसरं केलं काय होतं?

शेजारची फ्राउक्ये गरम वॅफल्स घेऊन आली, तेव्हा तो पाहुण्यांचा पासवर्ड सुबक अक्षरात पुठ्ठ्यावर लिहीत होता.

"पाहुणे? तुझ्याकडे?" ती म्हणाली. "मी येते ती भिंतीपलीकडून, अन् माझं वायफाय इथे फुकट पोचतंय."

"उद्या कुणी आलं तर?"

"आलं तर आधी खुर्च्या पूस. वर्षभराची धूळ आहे."

पुठ्ठा त्याने संडासात टांगला, वाढदिवसांच्या कॅलेंडरशेजारी; तिकडे ते घरोघर संडासातच असतं. तिथे प्रत्येक पाहुणा कधी ना कधी निवांत बसतोच. घरच्या दाराचा पासवर्ड मात्र डोक्यात राहीना. वायफायला आणि डब्याला एकच दिला होता, तरी राहीना. म्हणून तो त्याने त्याच कॅलेंडरवर, चौदा मार्चला, येल्त्येच्या नावापुढे पेन्सिलीने बारीक लिहिला. ते नाव त्याने खोडलं नव्हतं. तिथे कोण बघतंय!

मग तो रोज सकाळी पडद्यावर बघायचा, वायफायला कोण कोण जोडलंय. घरचे: एक. पाहुणे: शून्य.

नोव्हेंबरात त्याचा वाढदिवस आला आणि हिस्केही आली. वर्षातून एकदाच यायची. खुर्च्या गोल मांडल्या. तिथल्या रिवाजाप्रमाणे सगळ्यांनी सगळ्यांचं अभिनंदन केलं: फ्राउक्येने हिस्केचं, हिस्केने फ्राउक्येचं, आणि ऊबेलेचं दोघींनी. गुलाबी थराच्या केकचा एकेक तुकडा, कॉफी. हिस्के म्हणाली, "बाबा, नेट चालत नाही हो इथे."

"पासवर्ड संडासात आहे," ऊबेले ऐटीत म्हणाला.

ती गेली ती बराच वेळ आलीच नाही. कॉफी गार झाली. मग दाराआडून आवाज आला, "आज पाच पिल्लं. आणि ऊबेले, या कॉफीतून कालव्याचा तळ दिसतो रे."

ऊबेलेच्या हातातला चमचा बशीत पडला. फ्राउक्येने कोट चढवला आणि ती घरी गेली.

हिस्के बाहेर आली. "चौदा मार्च बघायला गेले, आईचं नाव आहे का म्हणून. पुढे काहीतरी लिहिलेलं. वायफायला टाकून बघितलं, मग समोर दिसलेल्या डब्यालाही." डोळे लाल झाले होते. "आई जाऊन दोन वर्षं झाली, आणि हे तुमच्याकडे होतं, बाबा? मला तिचा आवाज आठवेनासा झाला होता."

"माझ्याकडे तेवढंच होतं गं."

"माझ्याकडे तेवढंही नव्हतं."

होडीवाला भोंगा वाजवत असताना पूल मिटून ठेवणारा माणूस तो नव्हता. मंगळवारी तो वाचनालयात जाऊन विचारून आला आणि घरी बसून, हिस्केला फोनवर धरून, त्याने डब्याला तिच्यापुरतं एक बाहेरचं दार केलं, म्हणजे तिला मास्ट्रिख्टहूनही ऐकता येईल. सगळं जमल्यावर म्हणाला, "सावकाश ऐक. एक्केचाळीसच आहेत."

बुधवारी सकाळी पडद्यावर पाहुणे शून्यच होते. पण डब्यापुढे एक हिरवा ठिपका दिसत होता: हिस्के, सतरावं बोलणं. पिल्लांचं आणि कॉफीचं. ते वाजतंय तेवढ्यात फोन करावा असं त्याच्या मनात आलं. केला नाही. कुणी ऐकत असताना मध्ये बोलू नये.

त्याने कॉफीची पूड एक चमचा जास्त घातली आणि ठिपका विझेपर्यंत समोर बसून राहिला.