साहेबांचं खातं

आपाच्या टेबलावर एक लाकडी पट्टी असायची. कुणी कॉम्प्युटरवर सेटिंगच्या पानावर जाऊन स्वतःच्या हाताने काही बदलायला लागला, की ती पट्टी त्याच्या मनगटावर बसायची. मग तो शिपाई असो की प्राचार्य. "हातानं न्हाई करायचं! किती डाव सांगू?" हा तिचा आवाज वरच्या मजल्यापर्यंत जायचा. आमच्या संस्थेत बायकांनी हळू बोलावं अशी अपेक्षा असते. आपाने रुजू झाल्याच्या दिवशीच ती धुडकावली.

बीडच्या बसस्टँडमागे तिच्या वडिलांचं ट्रक दुरुस्तीचं गॅरेज. पोरगी शिकून पुण्याच्या मोठ्या कंपनीत लागली, तिथे नाव काढलं. मग वडिलांचं अंग लुळं पडलं आणि ती परत आली. आमच्या शिक्षणसंस्थेने तिला संगणक विभागाची प्रमुख केलं. मी त्याच विभागात होतो, अजूनही आहे. वयाने ती माझ्यापेक्षा थोडी लहानच, पण सगळे तिला आपा, म्हणजे थोरली बहीण, म्हणायचे, म्हणून मीही म्हणायला लागलो. ती मला भाऊ म्हणायची, आणि रागावली की "अहो भाऊसाहेब!"

संस्थेची माहिती क्लाउडवर होती. म्हणजे आपल्या कपाटात नाही, लांबच्या कुणाच्या तरी मोठ्या कॉम्प्युटरवर भाड्याच्या जागेत. पण प्रत्येक शाळेने, प्रत्येक कॉलेजने तिथे आपलं वेगळं खातं काढलेलं. कारण काय, तर मोठेपणा! त्याचं खातं आहे मग आमचं का नको? आणि सेटिंगच्या नावाने आनंदीआनंद. कुठे पासवर्ड गावाच्या नावाचा, कुठे पोरांची कागदपत्रं जगाला उघडी. आपाने पहिल्या आठवड्यात हे सगळं पाहिलं आणि डोक्याला हात लावला. "तौबा! भाऊ, तुमी लोकं झोपता तरी कसं?"

तिने सगळी खाती एका छत्राखाली आणली आणि सुरक्षेचे नियम कोडमध्ये लिहिले. साठवलेली माहिती बाहेरच्यांना उघडी नाही, मोबाईलवरचा आकडा टाकल्याशिवाय आत प्रवेश नाही, असे. एकदा लिहायचे आणि सगळ्या खात्यांना लागू. नियमाबाहेर कुणी हाताने काही बदललंच, तर प्रोग्राम फेरी मारायचा आणि ते होतं तसं करून टाकायचा. आष्टीकडच्या एका प्राचार्यांनी स्नेहसंमेलनाचे फोटो सगळ्यांना दिसावेत म्हणून त्यांच्या खात्याची जागा उघडी केली. थोड्या वेळाने ती बंद. पुन्हा उघडली, पुन्हा बंद. शेवटी बिचाऱ्यांनी घाबरून फोन केला, कॉलेजवर कुणी करणी केली का म्हणून. आपा हसत सुटली. "सर, करणी न्हाई, मी हाय! फोटोसाठी वेगळी जागा करून देते, पोरांच्या दाखल्यांना हात लावू नका."

आणखी एक सवय होती तिची. कोडमधला कुठलाही बदल दुसऱ्या माणसाने वाचून मान्य केल्याशिवाय लागू होणार नाही, अशी सोय तिने करून ठेवली होती. दुसरा माणूस म्हणजे मी. तिने स्वतः लिहिलेली एक ओळसुद्धा माझ्या नजरेखालून जायची. मी न वाचता मान्य करू लागलो की ती ओळखायची. "वाचा, भाऊ. माझ्यावर बी भरोसा ठेवू नका. मी थकलेली असंन, मला कुनी धमकावलं असंन, तुमाला काय माहीत?" तेव्हा मला हे अति वाटायचं.

तिचा खरा जीव अडकला होता तो मुलींच्या वसतिगृहात. तिथल्या निम्म्या मुलींचे आईबाप ऊसतोडीला जातात. दिवाळीच्या सुमारास घर बंद करून जे निघतात ते थेट उन्हाळ्यातच परततात. म्हणून वसतिगृहाच्या खात्यात प्रत्येक मुलीचा फोटो, मोबाईल नंबर, आईबाप कोणत्या कारखान्यावर आहेत, गावी मागे कोण आहे, हे सगळं भरलेलं असतं. ते लागतंच. रात्री-अपरात्री पोर आजारी पडली तर कळवायचं कुणाला? पण आपा म्हणायची, "कुन्या पोरीमागं कुनी न्हाई, हे यात सरळ लिव्हलंय. हे खातं सगळ्यात आधी सांभाळायचं."

आणि नेमकं तेच खातं साहेबांच्या नावावर होतं. साहेब म्हणजे आमचे अध्यक्ष. वसतिगृहाला त्यांच्या आईचं नाव, म्हणून खातंही त्यांच्याच नावाने काढलेलं. निवडणुका जवळ आल्या आणि त्यांच्या पुतण्याला, म्हणजे दादाला, वसतिगृहाचं काम आपल्या प्रचाराच्या मोबाईल ॲपवर दाखवायचं सुचलं. कार्यकर्त्यांना फोटो आणि माहिती पटकन दिसली पाहिजे, पासवर्डबिसवर्डची कटकट नको. आपाने नाही म्हटलं. झालं! गोष्ट मानपानावर गेली. "साहेबांच्या खात्याला साहेबांच्याच पुतण्यानं परवानगी मागायची? साहेबांना गेटवर कधी कुणी अडवलंय का?" कार्यकारिणीत चक्क ठराव मांडला, की साहेबांचा मान म्हणून त्यांचं खातं नियमांतून वगळावं. आणि टाळ्या वाजवून मंजूरही केला! शिकलेली माणसं होती हो सगळी, दोघं तर पीएचडी झालेले. मान म्हणून दाराचं कुलूप काढणारी माणसं मी तेवढीच पाहिली.

"हा अपवाद मी लिहिनार न्हाई," आपा उभी राहून म्हणाली. "मान साहेबांचा असंन, खात्यात पोरी हायेत."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं साहेबांच्या बंगल्यावर गेलो. साहेबांनी चहा पाजला, गोड बोलले. "बेटा, तू लई हुशार हायेस. पन आपल्याच घरात कुलूप लावून कुनी ऱ्हातं का?"

"साहेब, तुमच्या गेटला कुलूप हाय. वर दोन कुत्रे बी हायेत."

साहेबांचा कप बशीवर जरा जोरात टेकला. बोलणं तिथेच संपलं.

खात्याची मूळ चावी साहेबांच्या मोबाईलवर होती. दादाने तो मोबाईल घेतला आणि वसतिगृहाचं खातं आमच्या छत्राखालून बाहेर काढलं. नियम तिथे पोचेनात, आणि मुलींची सगळी माहिती त्याच्या ॲपवर पासवर्डविना उघडी झाली. आपाने लेखी कळवलं, तोंडी सांगितलं, भांडली, रडली. ऐकतो कोण?

व्हायचं तेच झालं. मुलींना परक्या पुरुषांचे फोन येऊ लागले. कडा गावाकडची अश्विनी म्हणून बारावीतली मुलगी होती. फोनवरचा माणूस तिला सांगत होता, तुझे आईबाप कर्नाटकात कोणत्या कारखान्यावर आहेत ते मला ठाऊक आहे, घरी म्हातारी एकटी असते तेही ठाऊक आहे. पोरगी जेवेना. बाप कोयता टाकून आला, गेटवर उभा राहिला, म्हणाला, "मास्तर, तुमच्या भरोशावर ठिवलं व्हतं." मला त्याच्याकडे बघवलं नाही. तो पोरीला घेऊन गेला.

आता तरी यांना लाज वाटावी की नाही? नाही! बैठक बोलावली ती आपाची चौकशी करायला. दादा म्हणतो, "कुलूप यांचं व्हतं ना? मग उघडलं कसं?" एकाने तर तिच्या आडनावावर बोट ठेवलं, असल्या लोकांच्या हातात संस्था कशाला दिली म्हणून. माझं डोकं फिरलं, मी खुर्ची सारून उठलो, तर आपानेच मला दंड धरून खाली बसवलं. पोलिसांत जायचं तर म्हणे संस्थेची बदनामी होते. मुलींचं काय होतं ते कुणी विचारलं नाही.

शेवटी साहेबांनी तोड काढली. चूक संगणक विभागप्रमुखांची, असं आपाने सहीनिशी मान्य करायचं आणि राजीनामा द्यायचा. आपाने एकच अट घातली. आधी वसतिगृहाचं खातं मूळ चावीसकट परत छत्राखाली येईल, मग सही. दादाने फणकाऱ्याने मोबाईल पुढे केला. पालकांना दाखवायला त्याला तो कागद हवाच होता.

मी तिला व्हरांड्यात गाठलं. "आपा, तुम्ही कावून सही करता? चूक कुणाची ते अख्ख्या संस्थेला माहीत आहे!"

"माझं नाव खराब झालं तर मी दुसरीकडं काम करीन, भाऊ. त्या पोरींचे नंबर आत्ता, या घडीला, उघडे हायेत. चला, बदल लिव्हलाय, वाचून घ्या."

मी वाचला. प्रत्येक ओळ वाचली. मान्य केलं, आणि पाचेक मिनिटांत सगळं बंद झालं. आपाने स्वतः बाहेरून उघडून पाहिलं, उघडलं नाही, तेव्हा ती आत गेली आणि त्या खोट्या कागदावर सही करून आली. निरोप समारंभ नाही, चहा नाही. ज्या बाईने एवढ्या पोरांची माहिती राखली ती मागच्या दाराने गेली, आणि पुढच्या महिन्यात दादाला 'डिजिटल कार्या'साठी शाल-श्रीफळ! त्या मांडवात बसून टाळ्या ऐकताना माझ्या अंगाची आग होत होती, अजून होते.

आपा आता घरून कुठल्याशा परदेशी कंपनीचं काम करते, वडिलांचं बघते. परवा मी फोन केला आणि त्या सत्काराबद्दल पुन्हा तणतणायला लागलो, तर तिने मध्येच तोडलं.

"ते ऱ्हाऊ द्या. अश्विनी परत आली का?"

"नाही आपा. तिचं लग्न लावून दिलं."

 मग तिने, कधी नव्हे ते हळू आवाजात, विचारलं, "बाकीच्या पोरींचं खातं? बंद हाय ना अजून?"

"बंद आहे. पण पुन्हा निवडणूक आली. काल दादा आला होता. म्हणाला, थोड्या दिवसांसाठी वगळा, बदल लिहायला माणूस आहे, तुम्ही फक्त मान्य करा."

"मंग? काय म्हनलात?"

"म्हणालो, आधी मला काढा."