अक्कांची दुर्बीण आणि आमची खुर्ची

रायफल क्लबात अक्का कधी खुर्चीवर बसल्या नाहीत. पातळाचा काष्टा मारायच्या, सतरंजी झटकायच्या आणि सरळ पालथ्या पडून रायफल खांद्याला लावायच्या. पंचेचाळिशी उलटलेली बाई अशी झोपते हे बघून नवखे पुरुष भलतीकडंच बघायचे. "लाजायचं तर त्यांनी लाजावं की," अक्का म्हणायच्या, "माझा नेम समोर हाय."

त्या मूळच्या अक्कलकोटकडच्या. सोलापुरात मुलींच्या शाळेत ड्रिल शिकवायच्या आणि भवानी पेठेत एकट्या राहायच्या. मी कचेरीतली टायपिस्ट. रविवारी त्यांच्या शेजारी सतरंजी टाकायची ती निव्वळ त्यांच्यामुळं, नाहीतर माझ्या सासरी बंदुकीचं नाव काढायची सोय नव्हती.

मग अक्कांच्या डोळ्यांना चाळिशीनं गाठलं. आमच्या पॉइंट टू-टू रायफलीला मागं एक खाच, पुढं एक टोक आणि पन्नास मीटरवर काळा ठिपका. तिन्ही एका रेषेत धरायची. अक्कांना पुढचं टोकच पुसट दिसायला लागलं. क्लबाचे सेक्रेटरी दुसऱ्याच रविवारी लाकडी खुर्ची घेऊन हजर! "अक्का, लई वर्षं झाली. आता हितं बसा, आमचे मार्क मोजा." अक्कांनी खुर्चीवर रुमाल वाळत घातला आणि म्हणाल्या, "मी दुर्बीण बसवणार."

"दुर्बीण म्हणजे कुबडीच की हो," सेक्रेटरी हसले.

"मग तुमच्या नाकावर काय दागिना हाय?"

आम्ही दोघी पुण्याला गेलो. रायफल कापडात गुंडाळून, परवाना पर्समध्ये. दुकानदारानं सगळ्यात लांबलचक, महागडी दुर्बीण पुढं केली. ती लावली की आपल्या छातीचे ठोकेसुद्धा ठिपक्यावर नाचताना दिसायचे. "मला ठिपका बघायचाय, चंद्र न्हाई," अक्का म्हणाल्या, आणि चारपट मोठं दाखवणारी साधी दुर्बीण उचलली. खरी वादावादी माउंटवरून झाली, म्हणजे दुर्बीण रायफलीवर धरून ठेवणाऱ्या कड्यांवरून. दुकानदार उंच माउंट गळ्यात मारत होता. अक्का दुकानातच फरशीवर पालथ्या पडल्या. डोळे मिटले, गाल रायफलीच्या लाकडावर टेकवला, मग डोळा उघडला. "अर्धंच दिसतंय. मान वर काढून नेम धरायला मी काय कोंबडी हाय? बुटका माउंट काढा." बुटक्यावर पूर्ण गोल दिसला. गोळी भरायचा बोल्ट पुढंमागं करून तो दुर्बिणीला घासत नाही ना, तेही बघितलं. दुकानदारानं तोच बांधून दिला.

घरी आल्यावर मात्र बाईंनी घोळ केला. कडी दुर्बिणीला जराशी सैल होती. अक्कांनी सराफाकडून लाख आणली, वितळवली आणि फटीत भरली. थंडीत झकास चाललं! हुरड्याच्या दिवसांत अक्का सगळ्यांच्या पुढं. पण एप्रिल आला, सोलापूरचं ऊन आलं, आणि गोळ्या वर वर सरकायला लागल्या. ठिपका एकीकडं, भोकं भलतीकडं. सेक्रेटरींनी परत खुर्ची आणून ठेवली. "डोळा गेला, अक्का. वार्षिक सामन्यात नाव घालत न्हाई मी."

माझ्या तर डोळ्यांत पाणीच आलं. अक्का उठल्या, रायफल सेक्रेटरींपुढं धरली. "झोपा तुमी. तुमचा डोळा चांगला हाय न्हवं?"

नाही म्हणायची सोय राहिली नव्हती. सेक्रेटरी झोपले, पाच गोळ्या झाडल्या. त्यांच्याही वरच सरकल्या. अक्कांनी माउंट चाचपला, उन्हानं मऊ झालेली लाख बोटाला चिकटली. सगळ्या क्लबाला ऐकू जाईल अशा आवाजात त्या हसल्या. "लाख माझी, चूक माझी! डोळा मात्र जागेवर हाय. नाव घाला!"

घालावं लागलं. लाख खरवडून, पातळ पत्र्याची पट्टी घालून आम्ही दोघींनी कडी आवळली. सामन्यात अक्का तिसऱ्या आल्या. सेक्रेटरी चौथे. बक्षीस घेताना अक्का त्यांना म्हणाल्या, "खुर्ची लागंल का?"

पुढं काही वर्षं त्या तशाच झोपत राहिल्या. मग एका पावसाळ्यात तापानं आठवड्यात गेल्या.

क्लबात शोकसभा झाली. आत गेले तर काय, हार घातलेला अक्कांचा फोटो नेमका त्या लाकडी खुर्चीवर! माझं डोकंच फिरलं. मी फोटो उचलला, अक्कांची सतरंजी लाईनीवर अंथरली आणि फोटो तिच्यावर ठेवला, तोंड टार्गेटकडं करून.

"अहो बाई, फोटो कुणी जमिनीवर ठेवतं का?" सेक्रेटरी म्हणाले.

"अक्का तिथंच असायच्या," मी म्हणाले. "खुर्चीवर ज्याला बसायचंय त्यानं बसावं."

सभा संपेपर्यंत सगळे उभेच होते.