दाढेचे पेशंट

पेठहून नाशिकला जाणाऱ्या जीपचा तो ड्रायव्हर. आमच्याकडे दारू प्रत्येक फाट्यावर मिळते आणि ती सोडवणारा दवाखाना थेट नाशकात; याची कुणाला लाज वाटत नाही. मी नुसती व्यसनमुक्तीची पत्रकं वाटते, माणसं तिथवर पोचवतो तो. अशा माणसाला तो पुढं शेजारी बसवतो, गालाला रुमाल बांधायला लावतो आणि बाकीच्यांना सांगतो, "दाढ दुखते त्याची. बोलायला लावू नका." वाटेतल्या गुत्त्यापाशी मागचे कितीही ओरडले तरी गाडी थांबत नाही. "इथं ब्रेक लागत नाय," एवढंच म्हणतो.

परवा भरदुपारी ती जीप त्याच गुत्त्यासमोर उभी होती. तो आत, पुढ्यात रिकामा ग्लास. मला बघताच त्यानं रुमाल काढून गालाला लावला.

"दादा, काय हे?"

"दाढ, ताई. लय जुनी हाय."

"मग चला नाशकाला."

"चला की." त्यानं किल्ली पुढं केली. "चालवता येती का?"

मला येत नाही. दुसरी गाडी नव्हती. दवाखाना इथं असता, तर हाताला धरून चालत नेलं असतं.