बेअरिंगचं उरलेलं आयुष्य

यंत्रांचं आयुष्य मोजायच्या धंद्यात पडलं की किस्से शोधावे लागत नाहीत, ते आपणहून येऊन चिकटतात. बऱ्हाणपूरच्या एका जिनिंगमध्ये मी मोटरींना सेन्सर लावतो. यंत्र किती थरथरतं, किती तापतं आणि अजून किती दिवस चालेल, हे मोबाईलवर कळतं. निदान कळावं अशी आशा असते.

पहिल्याच आठवड्यात एक मोटर रोज बाराच्या ठोक्याला थंड पडायला लागली. चालू मोटर थंड! ग्राफ पाहून आमचे साहेबही चक्रावले. शेवटी तिथे जाऊन उभा राहिलो. जैनाबादहून कामाला येणाऱ्या सुमनबाईंनी चुंबकाचा सेन्सर उपटून बाजूला ठेवला आणि त्या जागी जेवणाचा डबा ठेवला.

"भाजी गरम होऊन राहिली, भाऊ. तुमचं बटण मंग लावून देते ना."

दसऱ्याला मोबाईलवर लाल खूण आली, मोटरीला जबर धक्का. धावत पोचलो तर जिनिंगच्या शेठजींनी मोटरीच्या पायथ्याशी नारळ फोडलेला. सेन्सरलाही हळदकुंकू!

"त्यालाही लावलं," शेठजी म्हणाले. "आता तोही घरचाच."

हेच शेठजी एकदा राजघाटाजवळच्या दवाखान्यात बीपी दाखवायला बसले होते. तेवढ्यात त्यांच्या मोबाईलवर संदेश आला, 'उरलेलं आयुष्य बावीस दिवस.' यंत्राचं नाव टाकायला मी विसरलो होतो. डॉक्टरांना बीपी तीनदा मोजावं लागलं.

पण खरा किस्सा रामदास मिस्त्रींचा. हे इथले सगळ्यात जुने फिटर. पेचकसाचं टोक बेअरिंगवर टेकवून मूठ कानाला लावायची आणि आतला आवाज ऐकायचा, ही मिस्त्री लोकांची रीत. हे मूठ दातात धरायचे.

ऐन हंगाम होता. धूलकोटकडच्या कापसाच्या गाड्या फाटकाबाहेर खोळंबलेल्या. माझ्या मोबाईलवर मोठा पंखा हिरवागार, आणि मिस्त्री म्हणाले, "बंद करा शेठ. हा आज जाईल."

शेठजींनी माझ्याकडे पाहिलं, मिस्त्रींकडे पाहिलं आणि पंखा थांबवला. उघडला तर बेअरिंगच्या दोन गोळ्या फुटलेल्या! सेन्सर मीच भलत्या टोकाला बसवला होता. तरी मला इतका आनंद झाला की मागूनच ओरडलो, "काका, मानलं तुम्हाला!"

ते वळले नाहीत. सगळं बंद होतं, चिडीचूप. तीन हाका मारल्या, तरी नाहीत. मिस्त्रींना ऐकूच येत नव्हतं; यंत्राची थरथर त्यांना दातांतून कळत होती. शेठजींना कळलं असतं तर त्यांना दुसऱ्या दिवसापासून घरी बसवलं असतं.

तेवढ्यात शेठजी मागून खुशीत म्हणाले, "मिस्त्री, काय कान आहेत! अजून किती वर्षं काम कराल?"

मिस्त्री नवं बेअरिंग पुसत राहिले. मी चटकन त्यांच्या समोर जाऊन बसलो आणि तोच प्रश्न सावकाश विचारला. त्यांनी माझ्या ओठांकडे पाहिलं, मग शेठजींकडे वळले.

"आता नवं बेअरिंग टाकून राहिलो ना, शेठ. ते घिसेल तवापर्यंत."